पदपथावर पडून हात मोडला. भरपाई मागता येईल का?

प्रश्न : श्रावणात एका संध्याकाळी बाजारातून परतताना पदपथावरील उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला पाय अडकून मी पडले आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. सीपीआर या सरकारी रुग्णालयात प्लास्टर घातले. मी घरी शिवणकाम करते. गणपती-दसऱ्याची सगळी कामे परत करावी लागली. भरपाई मिळू शकते का? शेजारी म्हणतात, यातून काही निष्पन्न होत नाही.
– एक वाचक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : भरपाई मागता येते आणि आपण ती अवश्य मागावी, मात्र मुदत फार थोडी आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 487 नुसार महापालिकेवर हयगयीबद्दल दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. नोटिशीचा महिना वरचा मिळेल, असे गृहीत धरून थांबू नये. अनेक रास्त दावे केवळ उशिरामुळे बुडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याआधी तो रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, याची खात्री करावी. शहरातून जाणारे काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात आणि तसे असल्यास राज्य शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. रस्ता महापालिकेचा असेल, तर त्याची देखभाल हे तिचे कलम 63 खालील बंधनकारक कर्तव्य आहे.

खरा कस पुराव्याचा लागतो. जागा अजून तशीच असेल, तर शेजारी मोजपट्टी ठेवून आजच छायाचित्रे काढावीत. ब्लॉक बसवून झाले असतील, तर ते काम कधी व कोणत्या ठेकेदाराने केले आणि त्या जागेबद्दल आधी तक्रारी आल्या होत्या का, हे दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात विचारावे. दोष ठाऊक असूनही तो दुरुस्त केला नाही, हे दाखवता आले तर दावा पुष्कळ बळकट होतो. उचलून नेणाऱ्यांचे जबाब, केसपेपर आणि एक्स-रे जपावेत. सरकारी रुग्णालयात खर्च थोडा झाला म्हणून मागणी थोडी करू नये, कारण आपले मुख्य नुकसान बुडालेल्या कमाईचे आहे. ऑर्डरची वही, परत केलेल्या आगाऊ रकमा आणि गिऱ्हाइकांची लेखी निवेदने हाच त्याचा पुरावा. आपण पाहून चालला नाहीत, असा बचाव समोरून येईलच. त्या वेळी तिथे दिवा होता की अंधार, हे नोटिशीतच लिहावे.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे जखमी झालेल्यांना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला असून त्यासाठी महापालिका आयुक्त व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती ठरवली आहे. उखडलेला पदपथ त्यात बसतो की नाही यावर वाद होऊ शकतो, तरी समितीकडे अर्ज करावाच. पादचाऱ्यांना सुस्थितीतील पदपथ मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र या अर्जाच्या भरवशावर दिवाणी दाव्याची मुदत जाऊ देऊ नये.

वकिलाच्या खर्चाची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कसबा बावड्यातील न्यायसंकुलात जिल्हा प्राधिकरणाकडे केसपेपर, छायाचित्रे व ऑर्डरची वही घेऊन याच आठवड्यात जावे आणि नोटीस तेथूनच तयार करून घ्यावी.