नाशिकच्या लेण्यांत श्रेणी, निगमसभा, अक्षयनीवी, अमात्य असे शब्द येतात, त्यांचा अर्थ काय? श्रेणी म्हणजे त्या काळची बँक का?

बँक म्हणू नका. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. विणकरांचा, कुंभारांचा, तेल्यांचा. लोक त्यांच्याकडे पैसे ठेवायचे कारण धंदा डोळ्यासमोर चालू असायचा, व्याज कुठून येणार ते दिसायचं. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या अक्षयनीवी या शब्दामुळे.

आमच्या आजीने 1986 साली हातातल्या पाटल्या मोडून गावच्या देवळाला 5000 रुपये दिले. अट एकच, पैसे बँकेत ठेवायचे आणि व्याजातून नंदादीपाला तेल घालायचं. कागद नाही काही नाही, चार माणसांसमोर तोंडी. आजी गेली आणि पंचांनी एफडी मोडून सभामंडपात फरशी बसवली. पंचांत माझे सख्खे काका. मी विचारलं तर म्हणाले, अरे देवाचा पैसा देवालाच लागला ना, कुणी खाल्ला का? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

उत्तर मिळालं पांडवलेण्यात, 10 नंबरच्या लेण्याच्या ओसरीत. ब्राह्मी वाचणारा एक मित्र बरोबर होता, तो एकेक अक्षर दाखवत होता. शक राजा क्षत्रप नहपान, त्याचा जावई उषवदात, वर्ष 42 (हे इसवी सन नव्हे, त्या काळची गणना). या उषवदाताने 3000 कहापण म्हणजे कार्षापण, त्या काळची नाणी, बौद्ध भिक्षुसंघाला दिली, पण संघाच्या हातात नाही, नाशिकजवळच्या गोवर्धन गावातल्या दोन विणकर श्रेणींकडे ठेवली. (लेखात कोलिकनिकाय आहे, निकाय म्हणजे संघ, श्रेणीच, आणि कोलिक म्हणजे विणकर, कोळी नव्हे, यावरून लोक उगाच वाद घालतात.) 2000 एकीकडे शेकडा एक दराने, 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण. आणि पुढे स्वच्छ कोरलंय की हे कहापण परत द्यायचे नाहीत, फक्त वाढ म्हणजे व्याज भोगायचं. ही अक्षयनीवी. मुद्दल अक्षय. मी तिथेच मोबाईलवर हिशोब केला. 2000 वर दरमहा शेकडा एक, वर्षाचे 240. लेण्यात पावसाळ्यात राहणारे भिक्षू 20, प्रत्येकाला चीवरासाठी म्हणजे वस्त्रासाठी 12. वीस बारे 240. एक कहापण इकडेतिकडे नाही! उरलेल्या 1000 चं व्याज भिक्षूंच्या बाकी किरकोळ खर्चाला.

शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे शहरातल्या व्यापारी-कारागिरांच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं. राजाचा जावई असून त्याने नोंद केली, आणि आमच्याकडे म्हणे घरच्या माणसांत कागद कशाला.

अमात्य म्हणजे राजाचा अधिकारी, त्या भागाचा कारभार बघणारा. नहपानाला हरवल्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने गोवर्धनच्या विष्णुपालित अमात्याला हुकूम पाठवला की उषवदाताकडे असलेलं 200 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना दिलंय, त्यात सरकारी माणसांनी शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही. तो हुकूम 3 नंबरच्या लेण्यात आहे, त्याच्या राज्याचं वर्ष 18. तिथेही बघा, काय करायचं नाही ते देणाऱ्याने आधीच लिहून ठेवलंय.

म्हणून देवळाला, वाचनालयाला, शाळेला कुणी कायम निधी देत असाल तर मुद्दलाला हात लावायचा नाही हे वाक्य कागदावर घाला, सह्या घ्या, जमलं तर भिंतीवर पाटी लावा. फरशी हवी तर फरशीसाठी वेगळी वर्गणी काढा. काकांचं म्हणणं, हल्ली व्याज किती मिळतं, पैसा नुसता पडून राहतो. मिळू दे की कमी. तेल कमी येईल, पण दर महिन्याला येईल, आणि आजीने तेलासाठीच दिले होते.

एक सांगायचं राहिलं, लेखात दरमहा हा शब्द नाही, शेकडा एक एवढंच आहे, महिन्याचं अभ्यासकांनी धरलंय, पण 240 चा मेळ तसाच बसतो. आणि श्रेणी म्हणजे जात का असं पुढे कुणी विचारेलच, तर ते तितकं सरळ नाही, धंदा एक असला तरी गोवर्धनातच विणकरांचे दोन वेगळे निकाय आहेत आणि दोघांचा दरही वेगळा.