नाव द्या, खुर्ची देऊ नका

तुमच्या वाचनालयाच्या नव्या इमारतीसाठी एक गृहस्थ २५ लाख द्यायला तयार आहेत, पण इमारतीला त्यांच्या वडिलांचं नाव आणि विश्वस्त मंडळात मुलाला जागा मागताहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी तालुक्याच्या गावी अशाच एका वाचनालयाचा १९ वर्षं कार्यवाह होतो, म्हणून सांगतो.

नाव बेलाशक द्या. नाव मागितलं म्हणजे दान कमअस्सल झालं असं मानणारे आमच्या मंडळातही होते. त्यांना मी मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दाखवायचो. तो बांधायला पैसे देणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं नाव आहे ते. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेलं महिला विद्यापीठही १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख दिल्यावर त्यांच्या आईच्या, नाथीबाईंच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. कर्व्यांना जे चाललं ते आपल्याला का चालू नये?

विश्वस्ताच्या जागेला मात्र नम्रपणे नकार द्या. विश्वस्त नेमायचा तो संस्थेच्या घटनेप्रमाणे, आणि विश्वस्त बदलल्याची नोंद करणारा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. देणगीच्या बदल्यात जागा, असं इतिवृत्तात आलं की उद्या कुणीही हरकत घेईल. मुलगा खरंच वाचणारा असेल तर पुस्तक निवड समितीवर घ्या. काम करताना दिसला की पुढच्या निवडणुकीत आपसूक येईल.

आता आमची फजिती. एका सद्गृहस्थांनी सभागृहासाठी ६ लाख कबूल केले, तीन हप्त्यांत. पहिले २ लाख आले आणि आम्ही उत्साहाच्या भरात सत्कार, जेवण, संगमरवरी पाटी, सगळं उरकून घेतलं. पुढच्याच वर्षी त्यांचा धंदा बसला. माणूस खोटा नव्हता, रस्त्यात भेटला की मान खाली घालायचा. पाटी काढायची कुणाची छाती झाली नाही. सभागृहाला अजून तेच नाव आहे आणि खाली अजून शहाबादी फरशी. प्रेमचंदही १८६५ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत बुडाले होते, पण त्यांनी पैसे आधीच दिले होते. टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला.

म्हणून एक पानभर पत्र करा, दोन्हीकडच्या सह्यांचं. पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच पाटी लागेल, नाव इमारतीला असेल पण संस्थेचं नाव बदलणार नाही, आणि ही वास्तू उभी असेपर्यंतच ते राहील, एवढं त्यात हवंच. शेवटची अट लिहिताना अवघड वाटतं, पण ४० वर्षांनी पुनर्बांधणी निघाली की नातवंडं येतात.

याच बैठकीत देखभालीचंही बोलून घ्या. भिंती बांधायला लोक देतात, विजेचं बिल भरायला कुणी देत नाही. २५ मधले ३–४ लाख कायम निधीत टाकायला सांगा, म्हणजे व्याजावर रंगरंगोटी तरी निघेल. रक्कम कायम निधीसाठी आहे हे देणगीदारानं स्वतः लेखी द्यायचं असतं, नाहीतर लेखापरीक्षक ती त्या वर्षाच्या उत्पन्नात धरतो. पैसे चेकनं किंवा बँकेतूनच घ्या, कारण २००० च्या वर रोख दिली तर आयकराची सवलत जाते. पॅन नंबर दोनदा तपासा. आणि त्यांनी नवी करप्रणाली घेतली असेल तर देणगीवरची आयकराची वजावट मुळातच मिळत नाही, हे आधीच सांगून टाका. नंतर कळलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

लहान देणगीदारांना मात्र या गडबडीत विसरू नका. आमच्याकडे एका निवृत्त शिक्षिकेनं पतीच्या स्मरणार्थ पंखा दिला होता, पात्यांवर लाल रंगात नाव. पंखा जळाला, तो भंगारात गेला. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्या आल्या आणि वर बघत उभ्या राहिल्या. तेव्हापासून वस्तूवर नाव घालणं आम्ही बंद केलं. दारापाशी एकच फलक लावला, ५०० रुपयांपासून सगळ्यांची नावं, अक्षरांचा आकार सारखा.

पाटी कोरायला टाकण्याआधी मजकूर घरच्यांना दाखवून त्यावर सही घ्या. आमच्या पेंटरनं एका नावामागे सवयीनं 'कै.' लावलं होतं. ते गृहस्थ उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसले होते.