दुर्बीण विकू नकोस गं

पत्र (काटछाट करून): मावशी, मी ३१ वर्षांची, राहते डोंबिवलीला, नोकरी अंधेरीला. तबला शिकत होते, प्रवेशिका पूर्णची परीक्षा न देताच सोडला. मग वॉटरकलर, मोडी लिपी, पावसाळी ट्रेक आणि आता फ्लेमिंगो बघणं. ऑफिसातला एकजण फक्त मॅरेथॉन पळतो, सगळे त्याचं कौतुक करतात. आई म्हणते, एक ना धड भाराभर चिंध्या. एकच काहीतरी धरू का? दुर्बीण विकायला काढलीय. — धरसोड

अगं धरसोड, आधी ती दुर्बिणीची जाहिरात काढून टाक, मग बोलू.

आईची ती म्हण मी पण ऐकत मोठी झालेय, पण ती तुला लागू होत नाही. सलीम अलींचं नाव पक्ष्यांशी इतकं चिकटलंय की त्यांना मोटरसायकलींचं वेड होतं हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. १९५० साली स्वीडनला पक्षीतज्ज्ञांच्या परिषदेला जायचं होतं तर त्यांनी मुंबईहून बोटीत स्वतःची बाईक चढवली आणि युरोपात तिच्यावरून फिरले! (तुझा मॅरेथॉनवाला पण घरी गुपचूप काय करत असेल सांगता येत नाही हं.)

आता तुझी यादी बघू. मोडी तू आजोबांचे जमिनीचे कागद वाचायला शिकलीस, कागद वाचून झाले, काम संपलं, ह्याला सोडणं म्हणत नाहीत. ट्रेक पावसाळ्यातले, फ्लेमिंगो ठाण्याच्या खाडीत साधारण हिवाळ्यापासून मेपर्यंत, म्हणजे ते एकमेकांच्या आड येतच नाहीत. वॉटरकलर रविवारी मूड लागला तर कर, नाही लागला तर डबी कुठे पळून जात नाही.

राहिला तबला. वर पत्र मी कापलंय, पण तुझ्या मूळ पत्रात बाकी सगळ्याला मिळून चार ओळी आणि तबल्यावर दीड पान आहे, तुझ्या लक्षात आलं का? तिरकिट हा बोल स्पष्ट निघत नव्हता, सर तेच तेच परत वाजवायला लावायचे, बाजूला बसलेली शाळकरी पोरं फटाफट वाजवून मोकळी व्हायची आणि तुला लाज वाटायची, हे सगळं तूच लिहिलंयस. तुला कंटाळा नव्हता आला गं, तू घाबरून पळालीस. माझी पेटी पण अशीच गेली कितीतरी वर्षं कपाटावर चादर पांघरून पडलीय, म्हणून मला वास लगेच येतो.

वेळ नाही म्हणतेस तेही खरंय, घाटकोपरपर्यंत ट्रेन, पुढे मेट्रो, आणि संध्याकाळी परत तेच, जाऊन येऊन तीन तास तिथेच जातात. पण बोल तोंडाने म्हणायला तबला लागत नाही. लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तर मांडीवरच्या पर्सवर तीनतालाच्या सोळा मात्रा मोज, फार तर समोरची काकू बघेल, बघू दे. घरी हात वीस मिनिटं बसव, साडेनऊच्या आत, नाहीतर खालच्या मजल्यावरून बेल वाजेल.

आणि रविवारी सरांना फोन कर. परत ठेक्यापासून सुरू करायला लावतील, थोडं टोचून पण बोलतील, बोलू देत. परीक्षेचं आत्ता नावसुद्धा काढू नकोस, तिरकिट सुटं निघालं की मला कळव.