सारांश राहिला, मूळ पान गेलं

"एजंटनं शेकडो नोंदी जमवल्या, पण त्यातला एक आकडा कुठून आला तेच सापडत नाही" हे तुमचं वाक्य वाचलं आणि जुने दिवस आठवले. वेबवरची पानं आपोआप आणून एआय मॉडेलकडून त्यांचा सारांश करून घेणारा तसाच एजंट माझाही आहे.

क्रॉलर (पानं गोळा करणारा प्रोग्राम), शेड्यूल वगैरे तुम्ही जमवलंच असेल, त्यात शिरत नाही. माझी घोडचूक एकच: जागा वाचवायला मी फक्त सारांश ठेवायचो, मूळ पान फेकून द्यायचो. पुढे एका संस्थेनं साइट बदलली आणि जुन्या सगळ्या लिंक मुखपृष्ठावर वळवल्या. ४०४ ("पान सापडलं नाही" हा कोड) आला असता तर कळलं तरी असतं. शेवटी मिळायचा २००, म्हणजे "सगळं ठीक". मग माझा एजंट दर आठवड्याला इमानेइतबारे मुखपृष्ठाचाच सारांश करून जुन्या नोंदींवर चढवत बसला. तक्ता उघडला तर ओळीमागून ओळ "सर्व सेवा एकाच ठिकाणी"!

त्यांच्या मदतकक्षाला तीन मेल केले. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला तिकीट नंबर, तिसऱ्याला "संकेतस्थळावरील शोध सुविधा वापरावी". असो. थोडी पानं वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांच्या प्रती जपणारी साइट) सापडली, बाकीच्या नोंदी पुसल्या.

आता मूळ पान, पत्ता आणि आणल्याची वेळ आधी साठवतो, सारांश नंतर. जुन्या नोंदीवर नवी कधीच चढवत नाही, शेजारी ठेवतो. मुख्य मजकुराचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा; मजकूर बदलला की तोही बदलतो) तोच असेल तर मॉडेलला हाकच मारत नाही, खर्चही वाचतो. (अख्ख्या पानाचा हॅश घेऊ नका, जाहिराती दरवेळी बदलतात.) प्रत्येक आकड्यासोबत मूळ वाक्य जसंच्या तसं मागतो आणि ते साठवलेल्या पानात आहे का, हे साध्या कोडनं तपासतो. ही तपासणी मॉडेलवर सोपवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या, असं माझं मत. कुणाचा अनुभव वेगळा असेल.

मी वकील नाही, पण रोबोट्स.टीएक्सटी (कोणती पानं प्रोग्रामनं आणू नयेत हे सांगणारी साइटची फाइल) पाळा. १९९४ पासूनचा संकेत आहे, २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात लिहूनही निघाला. ४२९ ("फार विनंत्या झाल्या" हा कोड) आला तर सोबतचा रिट्राय-आफ्टर, म्हणजे किती वेळानं परत यायचं ते, बघून थांबा. आणि पानं वाचणाऱ्या एजंटला मेल पाठवायचे किंवा फाइल पुसायचे अधिकार देऊ नका. पानात दडवलेल्या सूचना तो हुकूम समजून पाळू शकतो.

तुमच्या त्या आकड्यासाठी नोंदीची तारीख बघा आणि वेबॅकवर तिच्या आसपासची प्रत शोधा. नाहीच मिळाली तर आकडा काढून टाका.