शे-दोनशे रुपये कलाकाराच्याच हातात पडायचे असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्पॉटिफायसारख्या स्ट्रीमिंग ॲपला दरमहा पैसे देता, पण त्यातलं कलाकाराला फारसं मिळत नाही असं वाचलंय, मालकाने युद्धसामग्रीच्या कंपनीत गुंतवणूक केली म्हणून काही परदेशी बँड ॲपवरून निघूनही गेलेत. तुम्ही सोलापुरात राहता, थोडी इंग्रजी आणि बरीचशी मराठी लोकगीतं, भीमगीतं ऐकता. मग मनाला पटेल असा पर्याय कोणता, आणि आवडत्या कलाकाराला पैसे पोचवायचे कसे?

मी इथंच, पूर्व भागातल्या एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करतो. गाणं रेकॉर्ड करायचं, ॲपवर चढवायचं, आणि हिशोब आला की तो गायकाला समजावून सांगायचा. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड.

ॲपची वर्गणी ११८ रुपये धरा, म्हणजे आकडेमोड सोपी जाते. त्यातले १८ रुपये जीएसटी. उरलेल्या शंभरातले साधारण दोन तृतीयांश स्पॉटिफाय हक्कधारकांना, म्हणजे गाण्याचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना देतं. आता तुम्ही म्हणाल, सदुसष्ट रुपये म्हणजे काही वाईट नाही. खरंय, पण ते तुम्ही ज्यांना ऐकलंत त्यांना जात नाहीत. सगळ्यांचे पैसे आधी एकत्र होतात आणि मग एकूण किती वेळा कोणाचं गाणं वाजलं त्या प्रमाणात वाटले जातात. तुम्ही महिनाभर दुसरं काहीही न लावता फक्त आपल्या एका शाहिराचे पोवाडे ऐकलेत, तरी तुमच्या वर्गणीचा मोठा हिस्सा हिंदी सिनेमाच्या गाण्यांचे हक्क असलेल्या कंपन्यांकडे जाणार. ज्याने जे ऐकलं त्याचे पैसे त्यालाच, अशीही एक पद्धत आहे. साउंडक्लाउड या ॲपने ती २०२१मध्ये काही कलाकारांसाठी सुरू केली. मोठ्या ॲपांनी मात्र ती उचलली नाही.

त्यात २०२४पासून स्पॉटिफायचा नवा नियम आला: मागच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसेच नाहीत. मोठ्या कलाकाराला या नियमाचं काही वाटणार नाही. आमच्याकडे येणारी भजनी मंडळं, गोंधळी, जयंतीला दोन गाणी काढणारी पोरं यांची कितीतरी गाणी त्या रेषेच्या खालीच राहतात. जी वर जातात त्यांचा हिशोब आमच्या स्क्रीनवर असा दिसतो: देश, ॲपचं नाव, गाणं किती वेळा वाजलं, आणि शेवटच्या रकान्यात डॉलरमधली रक्कम, दशांश चिन्हानंतर आधी शून्यांची रांग आणि मग कुठंतरी एखादा आकडा. गायक चष्मा वर करून स्क्रीनजवळ येतो आणि विचारतो, "हे रुपयात किती?" गाणं ॲपवर ठेवण्यासाठी काही वितरक, म्हणजे गाणं ॲपवर पोचवणाऱ्या मधल्या कंपन्या, वर्षाला फी घेतात, आणि ती थांबली की गाणं उतरवतात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, दुसरं काय.

आता मालकाच्या गुंतवणुकीबद्दल. बातमी खरी आहे. स्पॉटिफायचे सहसंस्थापक डॅनियल एक (Ek) यांच्या गुंतवणूक कंपनीने हेल्सिंग या युद्धासाठी एआय आणि ड्रोन बनवणाऱ्या युरोपियन कंपनीत २०२१मध्ये १० कोटी युरो घातले, आणि २०२५च्या जूनमध्ये ६० कोटी युरोंच्या फेरीत पुढाकार घेतला. त्यानंतर डीअरहूफ, किंग गिझार्ड अँड द लिझर्ड विझर्ड, मॅसिव्ह अटॅक यांनी आपली गाणी काढून घेण्याचा निर्णय घेतला. तुम्हालाही बाहेर पडावंसं वाटत असेल तर जरूर पडा. फक्त तिथून उठून गूगल किंवा ॲमेझॉनच्या ॲपवर जाऊन बसलं की आपण सोवळे झालो असं समजू नका. दगडापेक्षा वीट मऊ, एवढाच फरक. कलाकाराला पैसे कसे मिळतात याची पद्धत सगळीकडे जवळपास तीच आहे.

इंग्रजी आणि परदेशी गाण्यांसाठी मला विचाराल तर बँडकॅम्प ही वेबसाइट. तिथं गाणं विकत मिळतं, भाड्याने नाही. डिजिटल विक्रीवर कंपनी १५ टक्के कापते, टी-शर्ट किंवा कॅसेट घेतली तर १० टक्के. पेमेंटचा खर्च वजा जाता बाकी कलाकाराचं. २०२०च्या मार्चपासून मधूनमधून एखादा शुक्रवार असा असतो की कंपनी आपला वाटाच सोडून देते. आवडता अल्बम हेरून ठेवा आणि त्या शुक्रवारी घ्या. पण बँडकॅम्पलाही देव्हाऱ्यात बसवू नका. २०२२मध्ये ती कंपनी एपिक गेम्सने घेतली, २०२३मध्ये साँगट्रेडरला विकली, आणि त्या विक्रीत जवळपास निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. शिवाय तिथले व्यवहार बरेचसे पेपालवरून होतात आणि पेपालने १ एप्रिल २०२१पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवणं बंद केलंय. त्यामुळे परदेशी बँडचं गाणं घेणं सोपं, पण पुण्यातल्या एखाद्या बँडचं घ्यायला गेलात तर गाडी अडू शकते. अशा वेळी त्या बँडला सरळ मेसेज करा आणि यूपीआय मागा, बहुतेक जण देतात. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यायलाही विसरू नका, नाहीतर दोष बँकेचा आणि शिव्या बँडकॅम्पला.

विकत घेतलेली फाइल आपली राहते, हे लोक विसरतात. रेसो हे गाण्यांचं ॲप २०२४च्या जानेवारीत भारतातून गेलं, त्याच वर्षी विंक हे दुसरं ॲप बंद झालं. ज्यांनी वर्षानुवर्षं तिथं याद्या जमवल्या होत्या त्यांच्या हातात काय उरलं? एक मेमरी कार्ड आणि एक साधा प्लेअर, एवढ्यावर भागतं.

इथपर्यंतचं तुम्हाला कुठंही वाचायला मिळेल. तुम्ही लोकगीतं आणि भीमगीतं ऐकता म्हणालात, तिथं प्रकरण वेगळं आहे. या कलाकारांचं घर ॲपवर चालत नाही, सुपारीवर, म्हणजे ठरवून घेतलेल्या कार्यक्रमांवर चालतं. शिवजयंती, मग एप्रिलभर भीमजयंती, १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती, गणपती, नवरात्र, मधे लग्नं आणि जागरण-गोंधळ. गाणं यूट्यूबवर टाकतात तेसुद्धा पुढची सुपारी मिळावी म्हणून. त्यामुळे सोलापुरात बसून कलाकाराला मदत करायची तर सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुमच्या मंडळाने, तुमच्या सोसायटीने, तुमच्या घरच्या कार्यात मानधन पूर्ण आणि वेळेवर देणं. यात नैतिक वगैरे काही नवीन नाही, पण हेच होत नाही.

एका मंडळाच्या कार्यक्रमाला मी साउंडसाठी गेलो होतो. कार्यक्रम संपला, खजिनदार म्हणाले पावत्यांचे पैसे अजून गोळा व्हायचेत, निम्मे घ्या, बाकीचे पौर्णिमेनंतर. गायिका काही बोलल्या नाहीत. क्रूझरच्या बॉनेटवर त्यांनी नोटा ठेवल्या आणि मोबाइलच्या उजेडात नावं घेत एकेक गड्डी बाजूला केली. पहिली ढोलकीवाल्याची, कारण त्याला बार्शीची गाडी पकडायची होती. मग की-बोर्ड, ऑक्टोपॅड, मागे कोरस धरणाऱ्या दोघी, ड्रायव्हर आणि डिझेल. स्वतःसाठी जे उरलं ते त्यांनी न मोजताच पर्समध्ये टाकलं. त्याच मंडळाने मिरवणुकीच्या डॉल्बीला घासाघीस न करता आगाऊ पैसे मोजले होते, हे मला नंतर डॉल्बीवाल्याकडूनच कळलं.

म्हणून तुम्ही मंडळात असाल तर एवढं करा: निम्मी रक्कम सुपारी देतानाच, आणि उरलेली संच स्टेजवर चढण्याआधी. नंतर म्हणजे तोंडाला पानं पुसणं. गाडीखर्च मानधनात धरायचा की वेगळा, ते आधीच बोला. मंडळात नसाल तर बक्षीस द्या, ५१ द्या, १०१ द्या, माइकवर नाव पुकारून घ्यायची हौसही भागवून घ्या. पण पैसे गायकाच्या हातात किंवा त्याच्या क्यूआरवर जाऊ द्या. यूपीआयमध्ये मधला कुणी काही कापत नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम असेल तर तिकीट काढा. "पास आहे का ओ एखादा?" हे वाक्य सोलापुरात जितक्या सहज विचारलं जातं तितकं दुसरं कुठलं नसेल, आणि विचारणारे बहुतेक वेळा कारमधून आलेले असतात.

यूट्यूबवर ऐकत असाल तर एक गोष्ट नीट बघा: चॅनल कोणाचं आहे. गायकाने स्वतःच्या चॅनलवर टाकलेलं गाणं दुसरेच लोक उचलतात, त्यावर स्वतःचा लोगो चिकटवतात, आणि बघणारे त्यांचे होतात. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला चॅनलला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचं पाहणं लागतं. आपल्याकडच्या कित्येक गायकांचं घोडं त्या चार हजार तासांवर अडलेलं असतं, आणि तेच तास दुसऱ्याच्या चॅनलवर वाया जातात. चोरीची तक्रार हक्काच्या मालकालाच करता येते, तुम्हाला नाही. तुम्ही लिंक काढून गायकाला पाठवा. चॅनलची मेंबरशिप असेल तर घ्या, त्यातले सत्तर टक्के चॅनलवाल्याला मिळतात.

सुपारीचं एक वाईट आहे. गळा आणि पाय चालतात तोवर ती चालते. विठाबाई नारायणगावकर आपल्याच जिल्ह्यातल्या, पंढरपुरात जन्मलेल्या. लोक तिकीट काढून त्यांच्या तमाशाला गर्दी करायचे, राष्ट्रपती पदकही मिळालं. आणि २००२मध्ये त्या गेल्या तेव्हा त्याआधीचे दिवस हलाखीत गेलेले होते. अंग थकल्यावर रेकॉर्डिंगने पोसायला हवं, आणि नेमकं तिथंच आपल्याकडे लोकांनी हजार-दोन हजार घेऊन "सर्व हक्क कायमचे" अशा कागदावर सही केलेली असते.

ते सगळंच बुडालं असं मात्र नाही. २०१२मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी बाजू लढवली होती. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क कुणालाही विकले तरी त्यांच्या वाट्याची रॉयल्टी घेण्याचा अधिकार त्यांना सोडून देता येत नाही. तो वारसाकडे जातो किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेकडे सोपवता येतो. ही संस्था म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (आयपीआरएस), १९६९ची. रेडिओ, हॉटेलं, ॲप, कार्यक्रम यांच्याकडून ती रॉयल्टी गोळा करते आणि सभासदांना वाटते. पण सभासद असलात तरच. आमच्याकडे गाणी लिहिणाऱ्या दहा जणांना विचारा, नऊ जणांनी नाव ऐकलेलं नसतं. गायकांसाठीही इसाम्रा नावाची वेगळी संस्था आहे.

तुम्हाला लिहिता-वाचता येतं, ऑनलाइन फॉर्म भरता येतो, तेव्हा महिन्याच्या शे-दोनशे रुपयांपेक्षा तुमचा एक रविवार जास्त कामाचा आहे. ओळखीचा एखादा गीतकार गाठा आणि त्याचा आयपीआरएसच्या सभासदत्वाचा फॉर्म भरून द्या. पॅन कार्ड आणि बँकेचे तपशील लगेच सापडतील. वेळ जाईल तो गाण्यांच्या यादीला: कुठलं गाणं कोणी गायलं, चाल कोणाची, कुठल्या कंपनीने काढलं, कुठल्या साली. घरातल्या जुन्या कॅसेटची कव्हरं काढायला सांगा, त्यावर बरंचसं छापलेलं असतं. कव्हरवर गीतकाराच्या जागी कंपनीवाल्याच्याच कुणाचं नाव असेल तर फॉर्म पुढं सरकवू नका. आधी मूळ वही शोधा, त्या काळात साथीला असलेले दोघे-तिघे गाठा आणि त्यांच्याकडून लिहून घ्या.