कंपाऊंडवरचा पाहुणा

प्रश्न: आम्ही कळंबा तलावाजवळ राहतो, थंडी पडल्यापासनं रोज सकाळी कंपाऊंडवर चिमणीएवढा पक्षी येतोय, वरनं काळा, पोट नारिंगी, शेपटी सारखी थरथरतेय. मोबाईलवर झूम केलं की नुसता ठिपका! काय करू?

उत्तर: अहो हा थिरथिरा, नर आहे, मादी तपकिरी असते. हिवाळी पाहुणा, उन्हाळा लागला की उत्तरेला परत जाणार. झूमचा नाद सोडा. हा गडी परत परत ठरलेल्या जागेवरच येऊन बसतो, म्हणून त्याच्या मागं पळायचं नाही, खिडकीचा पडदा ओढून फटीत मोबाईल लावायचा आणि चहा पीत बसायचं, ऊन तुमच्या पाठीमागनं येईल असं बघा. कॅमेरा असेल तर शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको, शेपटी हलतेच की. मोबाईलवर त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बोलवू नका, बिचारा उगाच भांडायला येतो.

नोंद ईबर्डवर, म्हणजे पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर टाका, तारीख, वेळ, किती दिसले. शेवटचा कधी दिसला तेही लिहा, ते सगळे विसरतात, मीपण.