सर्व्हिसिंग झालेलं घड्याळ पाण्यात घालण्याआधी

भावा, घड्याळ सर्व्हिसिंग होऊन आलं म्हणून लगेच ते घालून पंचगंगेत पोहायला उतरू नकोस. मागचं झाकण उघडलं होतं, मग गास्केट (पाणी अडवणारी रबराची कडी) नवं बसवलं का, हे आधी दुकानातच विचार. जुनं रबर दबून चपटं झालेलं असतं, त्यावर नुसतं सिलिकॉन ग्रीस लावून भागत नाही. चावीच्या आतलं बारीक गास्केटही बदललंय का तेही विचार, ते बरेच जण विसरतात.

प्रेशर टेस्ट करूनच घे. कोरड्या टेस्टमध्ये घड्याळ बंद कप्प्यात ठेवून हवेचा दाब बदलतात आणि घड्याळाची केस, म्हणजे बाहेरची डबी, किती दबते-फुगते हे यंत्र मोजतं. गळती असली तरी आत पाण्याचा थेंब जात नाही. घरी बादलीत बुडवून बघायचं मात्र अजिबात नको! गळती असली तर घड्याळाचं आतलं मशीन तिथंच भिजलं.

डायलवरचे ३० मीटर म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं, एवढंच. जुलैत गाडीवरून गगनबावड्याला निघालास तर असलं घड्याळ सरळ घरी ठेव. काच आतून धुरकट दिसली तर वाळायची वाट बघू नको, त्याच दिवशी दुकानात ने.